पाठदुखी खरी आहे, पण पहाटेची कळ गोळीची आहे

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. वय ४२. नागपूरच्या कळमना मार्केटमधून संत्री आणि कांदे घेऊन पिकअप चालवता, क्रेटही बरेचदा स्वतःच चढवता-उतरवता. सहा वर्षांपूर्वी कंबर धरली. तेव्हा डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी लिहून दिली. ती सुरू राहिली, दोनाच्या चार झाल्या, आता रोज दहा ते बारा लागतात आणि ओळखीचा दुकानदार चिठ्ठीशिवाय देतो. दोनदा एकदम बंद करून पाहिली. दुसऱ्या दिवशी घाम, जुलाब, जांभया, पाय जागेवर राहत नाहीत आणि कंबर अशी की उठवत नाही. ‘गोळी नाही घेतली तर पायात मुंग्या चालून राहिल्यासारखं वाटते,’ हे तुमचेच शब्द. घरी बायकोला ठाऊक नाही. एमआरआयमध्ये कंबरेच्या एल-४, एल-५ मणक्यांमधली गादी फुगलेली दिसते. मला व्यसन लागलं का, गोळी सोडली तर ही कंबर घेऊन जगू कसा, आणि ऑपरेशन करून मोकळा होऊ का, असं तुम्ही विचारलंय.

मी नागपुरातच वेदनोपचार करते. मूळची भूलतज्ज्ञ, पण बरीच वर्षं रोजचं काम जुनाट पाठदुखीचं. माझ्याकडे येणाऱ्या ड्रायव्हर, हमाल आणि दुकानात दिवसभर गादीवर बसणाऱ्या मंडळींत तुमच्यासारखी गोष्ट नवीन नाही. तुम्ही आकडा लपवला नाहीत, यामुळे उत्तर देणं सोपं झालं.

पहिली गोष्ट आजच्यासाठी. उद्यापासून गोळ्या एकदम बंद करू नका, आणि वाढवूही नका. हिशेब बघा. तुमच्या पाकिटावर ट्रॅमाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असं लिहिलेलं असेल. बारा गोळ्या म्हणजे ट्रॅमाडॉल ४५० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला ४०० च्या वर देत नाहीत, कारण त्यापुढे फिट येण्याचा धोका वाढतो. आधी कधी फिट आली असेल, दारू असेल किंवा झोपेच्या, डिप्रेशनच्या गोळ्या सोबत असतील, तर ४०० च्या आतही तो धोका असतो. आणि बारा गोळ्यांतून पॅरासिटामॉल जवळजवळ ३.९ ग्रॅम पोटात जातं. ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. त्यात सर्दी-तापाची एखादी गोळी घेतली, की यकृतावर भार येतो, कारण तिच्यातही बहुतेक वेळा पॅरासिटामॉलच असतं. तेव्हा आजपासून दहाच्या वर नाही, दुसरी कुठलीही वेदनेची किंवा तापाची गोळी सोबत नाही, दारू नाही आणि अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी स्वतःच्या मनाने नाही. झोपेची गोळी रोज चालू असेल तर तीही एकदम तोडू नका, तिचंही डॉक्टरांना सांगा. ट्रॅमाडॉलसोबत दारू किंवा झोपेची गोळी गेली की झोपेत श्वास मंदावतो, आणि असे मृत्यू होतात. गाडी चालवताना डोळा लागत असेल तर ती फेरी दुसऱ्याला द्या. स्टिअरिंगवर फिट आली तर रस्त्यावरच्या लोकांचाही प्रश्न असतो.

आता मूळ मुद्दा. गोळी चुकली की जी कळ येते, ती बहुतांशी तुमच्या मणक्याची नसते, हे समजून घ्या. बाकी सगळं त्यावर उभं आहे.

ट्रॅमाडॉल दोन तऱ्हेने काम करतं. एक, अफूच्या कुळातली औषधं मेंदूत जिथे चिकटतात तिथे ते चिकटतं. दोन, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही मेंदूतली रसायनं ते जास्त वेळ टिकवून ठेवतं, जसं डिप्रेशनची काही औषधं करतात. वर्षानुवर्षं रोज घेतल्यावर शरीर आपला सगळा बंदोबस्त त्या गोळीच्या हिशेबाने लावून घेतं. वेदना दाबण्याची स्वतःची यंत्रणा ढिली पडते आणि वेदना पोहोचवणाऱ्या नसा जास्त संवेदनशील होतात. गोळीचा अंमल उतरला की हे उघडं पडतं. म्हणून पहाटे चार-पाचला, रात्रीच्या गोळीला सात-आठ तास झाले की कंबर ओरडते, मांड्या दुखतात, नाकातून पाणी येतं, अंगावर काटा येतो, जीव घाबरा होतो. गादीमुळे नाकातून पाणी येत नाही, भाऊ. मणक्यामुळे जांभया येत नाहीत. ही त्याच गोळीची मागणी आहे, आणि ती तुमच्या दुखऱ्या जागेवरूनच बोलते कारण तिथला रस्ता आधीपासून रुळलेला आहे. मग तुम्ही दोन गोळ्या घेता, अर्ध्या-पाऊण तासात कंबर उतरते, आणि मनात पक्कं होतं की कंबर गोळीशिवाय चालतच नाही. सहा वर्षं रोज हेच चाललंय.

एवढंच नाही. बराच काळ अफूच्या कुळातलं औषध घेतल्यावर काही जणांत त्या औषधानेच वेदना वाढते. डोस वाढवला की आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच, आणि दुखणारा भागही पसरत जातो. तुम्ही लिहिलंय की आधी फक्त कंबर दुखायची आणि आता खांदे, पोटऱ्या, सगळं अंग दुखतं. मला त्यात हीच शंका येते.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जुनी पाठदुखी किंवा गुडघा-खुब्याची झीज असलेले २४० जण होते. अर्ध्यांना अफूच्या कुळातली औषधं दिली, त्यात ट्रॅमाडॉलही होतं, आणि अर्ध्यांना साधी वेदनाशामकं. वर्षभराने पाहिलं तर कामधाम करण्याच्या क्षमतेत अफूवाल्या गटाला काहीही जास्त फायदा नव्हता, आणि दुखणं साध्या औषधांच्या गटात थोडं कमीच होतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही ही औषधं देऊ नयेत असंच म्हटलंय. म्हणजे गोळी सोडताना कंबरेचा एखादा चांगला आधार हातचा जाईल, ही भीती मनातून काढा.

गादी फुगल्याचं बघून घेऊ. ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा लोकांचे स्कॅन एकत्र करून पाहिले, तेव्हा चाळिशीतल्या जवळजवळ निम्म्यांची गादी फुगलेली निघाली, आणि ऐंशीच्या लोकांत दहापैकी आठांची. तुमच्या रिपोर्टवरचे शब्द भीतीदायक असले तरी तुमच्या वयाला ते नेहमीचे आहेत. पण काही लक्षणं असतील तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठायचा. लघवी अडणं किंवा कळत नसताना होणं, बैठकीची जागा बधिर पडणं, पायाचा पंजा उचलता न येणं, यात त्याच दिवशी इमर्जन्सीत जायचं. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री पडून राहिलं तरी वाढत जाणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी किंवा गाठ नाही ना, हे तपासून घ्यायलाच हवं. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून दिसतो, आणि वेदनाशामकांच्या आड तो लपतो.

ऑपरेशनचं विचारलंत. पायात वीज गेल्यासारखी कळ उतरत असेल, नस खरोखर दबलेली असेल, अशक्तपणा वाढत असेल, तर सर्जनचं मत जरूर घ्या. नुसत्या कंबरदुखीसाठी, तेही रोज दहा गोळ्या पोटात जात असताना, ऑपरेशन करून गोळ्या सुटत नाहीत. ऑपरेशननंतरची वेदना आवरायलाही अशा माणसाला जास्त औषध लागतं. आधी गोळी उतरवा, मग कंबर उरते किती ते बघू.

व्यसन लागलं का, याचं उत्तर मी दोन भागांत देते. अंगाला सवय लागली आहे, यात शंका नाही. सहा वर्षं रोज घेतली तर कुणालाही लागेल, त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही. पण तुम्ही आणखी दोन गोष्टी लिहिल्यात. गाडी घेऊन निघण्याआधी कंबर दुखत नसली तरी ‘तरतरी’ म्हणून दोन गोळ्या घेता, आणि बायकोपासून पाकीट सीटखाली लपवता. यात कंबरेच्या पलीकडचं काही सुरू झालंय. मी तुम्हाला शिक्का मारत नाही. एवढ्यासाठी सांगते, की नुसत्या वेदनांच्या डॉक्टरने हे पुरं होणार नाही, सोबत मानसोपचारतज्ज्ञ लागेल. दोघांनी मिळून केलं तर हे काम होतं, मी होताना पाहते.

आता करायचं काय.

गोळ्या कमी करण्याआधी दोन-तीन आठवडे तयारीचे द्या. लोक हाच भाग गाळतात, आणि म्हणूनच दोनदा फसतात असं माझं मत आहे. या आठवड्यांत गोळ्यांची संख्या घटवायची नाही, फक्त ती दहावर पक्की करायची आणि वेळा बांधायच्या. आज तुम्ही दुखलं की घेता. त्यामुळे मेंदू रोज शिकतो की दुखलं की बक्षीस मिळतं. त्याऐवजी घड्याळाने घ्या. उदाहरणार्थ सकाळी सहाला तीन, दुपारी बाराला दोन, संध्याकाळी सहाला दोन, रात्री झोपताना तीन. दुखत नसलं तरी घ्यायची, दुखलं तरी मधे नाही. बरेच जण चकित होतात की तेवढ्याच गोळ्यांत दिवस जास्त सपाट जातो.

पाकीट तुमच्याजवळ ठेवू नका. बायकोला सांगा. हे तुम्हाला सगळ्यात जड जाणार, मला कळतं. पण तिला घरातून जाणारे पैसे, तुमची चिडचिड आणि सकाळचा घाम दिसतच असतो, फक्त कारण ठाऊक नसतं. माझ्याकडे एक जोडपं यायचं. त्यातली ताई दर रविवारी पाकिटं कापून सात छोट्या डब्यांत गोळ्या भरायची, डब्यावर बॉलपेनने वार लिहायची आणि कपाटाला कुलूप लावायची. तो सकाळी कामावर जाताना त्या दिवसाचा डबा मागून घ्यायचा. भांडणं झाली नाहीत असं नाही. पण आज किती घेतल्या, हा प्रश्न त्या घरात संपला. तुमच्या घरी लहान मुलं असतील तर कुलूप तसंही हवंच.

आणि एकच डॉक्टर, एकच दुकान. एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलेलं आहे. चिठ्ठीशिवाय देणारा दुकानदार स्वतःही अडकतो आणि तुम्हालाही अडकवतो. उद्या त्याच्यावर धाड पडली, माल बंद झाला, तर तुम्ही दहावरून एकदम शून्यावर याल, तेही घरात कुणाला काही माहीत नसताना. डॉक्टरांच्या लेखी योजनेवर मिळणारी गोळी त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

मग उतरवायला लागायचं. तुम्ही ड्रायव्हर आहात, घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकत नाही, खालच्या गिअरमध्ये उतरवता. इथेही तेच. वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांसाठी महिन्याला साधारण दहा टक्के किंवा त्याहून हळू, हा वेग बहुतेकांना झेपतो. तुमच्या बाबतीत महिन्याला एक गोळी. पहिल्या महिन्यात दुपारची किंवा संध्याकाळची एक जाते, सकाळ आणि रात्रीच्या शेवटी. काहींना तीन आठवड्यांनी पुढची पायरी जमते, काहींना दीड महिना लागतो. जड गेलं तर त्याच पायरीवर थांबा, पण परत वर जाऊ नका. तीन-चार गोळ्यांवर आल्यावर एक गोळी म्हणजे एकदम पाव किंवा तिसरा हिस्सा होतो, म्हणून तिथून अर्धी-अर्धी. साधी गोळी अर्धी करता येते. पण पाकिटावर ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेली, दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी कधीच तोडायची, चावायची नाही, तिचं सगळं औषध एकदम अंगात येतं. शेवटच्या दोन गोळ्या सगळ्यात चिवट असतात. पूर्ण व्हायला वर्षही लागेल. सहा वर्षांच्या सवयीला एक वर्ष हे मला जास्त वाटत नाही. हे आकडे तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवायला आहेत. तुमचं वजन, किडनी, यकृत, बाकीची औषधं बघून ते वेग ठरवतील.

वेळ बघून सुरुवात करा. मृगाची संत्री मार्केटला येतात, रोज दोन-दोन फेऱ्या होतात, तेव्हा पहिली पायरी नको. आणि एप्रिल-मे टाळता आला तर टाळा. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. त्यात घाम आणि जुलाब झाले तर पाणी भराभर कमी होतं. शक्य असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला, काम थोडं मंद असताना सुरू करा. पण वेळेची वाट पाहत वर्ष घालवू नका. तयारीचे आठवडे तर आजपासूनच सुरू करता येतात.

दर पायरीनंतर काय होईल ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत जांभया, नाक गळणं, घाम, पोटात मुरडा, पातळ शौचाला होणं, पायांची तळमळ. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ओसरायला लागतं आणि आठ-दहा दिवसांत अंग स्थिरावतं. ट्रॅमाडॉलचं वेगळेपण म्हणजे काहींना डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं, उगाच रडू येतं, छातीत धडधडून भीती दाटते. ते दुसऱ्या बाजूचं, सेरोटोनिनवालं काम उतरल्याचं लक्षण. हळू उतरवलं तर हे सगळं सौम्य राहतं. पण भास व्हायला लागले, फिट आली, किंवा जगणं नकोसं वाटलं, तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

त्या दिवसांत ओआरएस, मीठ घातलेलं ताक, लिंबूपाणी, मुगाची खिचडी. पायांच्या तळमळीला गरम पाण्याने अंघोळ आणि पोटऱ्या ताणणं. झोप सगळ्यात उशिरा सुधारते. दुपारी झोपू नका, संध्याकाळनंतर चहा नको आणि उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. झोप खराब गेली की दुसऱ्या दिवशी तीच कंबर जास्त दुखते, हे जवळजवळ नियमाने होतं. एक चांगली गोष्टही होते. ट्रॅमाडॉलने बद्धकोष्ठ होतं, आणि कुंथताना कंबरेवर ताण येतो. गोळ्या कमी झाल्या की पोट मोकळं व्हायला लागतं.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूची पुडी. गोळी कमी झाली की हात खर्ऱ्याच्या पुडीकडे जास्त जातो, नागपुरात हे मी वारंवार पाहते. तंबाखूने झोप आणखी उडते. एकाच वेळी दोन्ही सोडा असं मी म्हणणार नाही, पण रोजच्या पुड्या वाढू देऊ नका. दारूचं मात्र स्पष्टच सांगते, या वर्षात नाहीच.

गोळीच्या जागी दुसरं औषध काय, हे तुमचे डॉक्टर ठरवतील, मी फक्त सावध करते. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅकसारख्या गोळ्या थोडे दिवस चालतात, पण महिनोन्महिने नाही. पोटात अल्सर होतो, किडनीवर येतं, आणि उन्हाळ्यात दिवसभर गाडीत घाम गाळणाऱ्याच्या किडनीवर जास्तच. ड्युलोक्सेटिन या डिप्रेशनच्या औषधाचा जुन्या पाठदुखीत काहींना उपयोग होतो, पण जास्त ट्रॅमाडॉल चालू असताना ते घेतलं तर सेरोटोनिन वाढून ताप, थरथर, गोंधळ होऊ शकतो, म्हणून कधी आणि किती ते डॉक्टरांच्या नजरेखालीच. प्रीगाबालिन नसेच्या दुखण्यासाठी असतं. तुमच्यासारख्या साध्या कंबरदुखीत फारसा उपयोग नाही, आणि तिचीही सवय लागते. टॅपेन्टाडॉल ‘यापेक्षा बरी’ म्हणून कुणी हातात ठेवली तर घेऊ नका, ती त्याच घराण्यातली. जडीबुटीच्या बिनलेबलाच्या पुड्यांपासूनही दूर राहा, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं तपासणीत सापडलेलं आहे.

आता कंबर. गोळी खाली जात असताना कंबर वर यायला हवी, नाहीतर रिकाम्या जागेत पुन्हा गोळीच शिरेल. यासाठी काही भारी लागत नाही.

चालणं. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेला, २०२४ मध्ये आलेला एक अभ्यास आहे. हे पाठदुखीतून नुकतेच बरे झालेले लोक होते. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली त्यांना चालणं हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्ध्या तासापर्यंत न्यायला सांगितलं होतं. चालणाऱ्यांत निम्म्यांचं दुखणं परत यायला २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांत ११२. तुमचं दुखणं जुनं आहे, त्यामुळे हाच आकडा तुम्हाला लागू होईल असं नाही, पण दिशा तीच. तुम्ही दहा मिनिटांपासून सुरू करा. दहा म्हणजे दहाच, चांगल्या दिवशी पंचवीस नाही आणि वाईट दिवशी शून्य नाही. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. चांगल्या दिवशी उत्साहाने दुप्पट करायचं आणि मग दोन दिवस खाटेवर पडायचं, हे चक्र जुन्या पाठदुखीला खतपाणी घालतं. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरका. फुटाळ्याला किंवा अंबाझरीला जायलाच हवं असं नाही, घराजवळचं मैदान पुरे.

सकाळी उठल्याबरोबर खाटेवरच गुडघे दुमडून दहा वेळा हळू डावी-उजवीकडे झुकवा, मग पाठीवर झोपूनच कंबर उचलायची, सेतुबंधासन, सुरुवातीला पाच वेळा. मग कुशीवर वळून हाताच्या रेट्याने उठा, सरळ झटक्याने नको. संध्याकाळी मार्जारासन, म्हणजे हात-गुडघ्यांवर ओणवं राहून पाठ वर-खाली करणं, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या म्हणजे चुका राहत नाहीत. पोटरीत-मांडीत ताण जाणवला, थोडं दुखलं, तर ते इजा झाल्याचं लक्षण नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं म्हणजे प्रमाण बरोबर होतं.

क्रेट. तुम्ही गाडीच्या फाळक्यावरून क्रेट ओढता, शरीरापासून लांब धरता आणि कंबर पिळून मागच्या माणसाकडे देता, असं मी न पाहताही सांगू शकते, कारण सगळे तसंच करतात. त्याऐवजी क्रेट आधी फाळक्याच्या कडेपर्यंत सरकवून पोटाला लावा. दोन्ही पाय खांद्याइतके फाकवा, एक जरा पुढे. वाकायचं ते खुब्यातून, गुडघे थोडे दुमडून. उचलताना श्वास सोडा. आणि वळायचं असेल तर पाय उचलून पूर्ण वळा, पाय रोवून कंबर पिळू नका. पहिले काही महिने अर्धे भरलेले क्रेट किंवा दोघांनी एक. उचलणं बंद करू नका मात्र. वजन कायमचं टाळणारी कंबर आणखी घाबरट होते.

सीटवर पाठीच्या खोबणीत आपला उन्हाचा दुपट्टा घट्ट गुंडाळून ठेवा, आणि तासा-दीड तासाने गाडी बाजूला लावून दोन मिनिटं उभं राहा. पट्टा जास्तीत जास्त अवघड कामापुरता. तो आणि ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून कंबर ताणणं, दोन्हींना जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या २०२३ च्या सूचनांमध्ये नकारच आहे. गरम पाण्याची पिशवी हवी तितकी वापरा.

दोनदा प्रामाणिकपणे प्रयत्न करूनही पायऱ्या जमत नसतील, किंवा चोरून गोळ्या परत यायला लागल्या असतील, तर दुसरा रस्ता आहे. ब्युप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी मानसोपचारतज्ज्ञ देतात. ती ओढ आणि त्रास दोन्ही आवरते, वेदनेवरही काम करते. ती कधी सुरू करायची, हे त्यांच्याच हाती ठेवा. ट्रॅमाडॉल अंगात भरपूर असताना घेतली तर त्रास एकदम उसळतो. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय, या सगळ्या ठिकाणी मानसोपचार होतो. मनोरुग्णालयाच्या नावाने दचकू नका, तिथे असेच संसारी लोक उपचाराला येतात. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. पोलिसांची भीती वाटत असेल तर अमली पदार्थांच्या कायद्यातच ६४-ए हे कलम आहे. स्वतःच्या सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला आला, तर त्याला खटल्यापासून ते संरक्षण देतं. उपचार मधे सोडले तर मात्र ते जाऊ शकतं.

पहिल्या भेटीला जाताना रिकामी पाकिटं, जुने रिपोर्ट, चालू असलेली प्रत्येक गोळी पिशवीत घालून न्या, आणि आकडा मला सांगितलात तसाच खरा सांगा. बारा घेऊन सहा सांगितल्या तर डॉक्टर सहावरून उतरवायला सुरुवात करतील आणि तुम्ही पहिल्याच आठवड्यात पडाल.

एखाद्या दिवशी पाय घसरेल. लग्नसराईची फेरी असेल, भांडण झालं असेल, तीन जास्तीच्या घेतल्या जातील. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला सांगा आणि ज्या पायरीवर होतात त्याच पायरीवर परत या, दहावर नाही. आणि गोळ्या पूर्ण सुटल्यानंतरचा सगळ्यात मोठा धोका लक्षात ठेवा. महिन्या-दोन महिन्यांत अंगाची सहनशक्ती उतरलेली असते. तेव्हा कंबर भडकली म्हणून जुन्या सवयीने एकदम सहा-आठ गोळ्या घेतल्या, तर पूर्वी पचणारा तोच डोस श्वास थांबवू शकतो. म्हणून शेवटच्या गोळीनंतर उरलेली पाकिटं सीटखाली, कपाटात, जिथे कुठे असतील तिथून काढा आणि डॉक्टरांकडे आणून द्या.